रांगेचा दोष, डिस्कच्या माथी

‘एसएसडी टाका, सगळं सुरळीत होईल.’ लिनक्सवर एकीकडे चित्रपट चालू आहे, दुसरीकडे मोठी फाइल कॉपी होतेय आणि पडद्यावरचं चित्र मध्येच थिजतंय, अशी तक्रार कुणी केली की हे उत्तर हमखास मिळतं. दुकानदार देतो, कॉलेजातला जाणकार मित्र देतो, ऑफिसात संगणक सांभाळणारा माणूसही देतो. त्याच्या पाठोपाठ येणारी उत्तरंही ठरलेली: रॅम वाढवा, प्रोसेसर जुना झालाय, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट बसलेला नाही आणि शेवटी हात झटकून, लिनक्स सर्व्हरसाठी आहे, पिक्चर बघायला नाही.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण या तक्रारीपुरतं बोलायचं तर पहिलं उत्तर अर्धसत्य आहे आणि उरलेली चार बहुतेक वेळा चूक आहेत. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार. त्यात इंजेक्शनचे पैसे रेड्याच्या मालकाला मोजावे लागतात. आठ-दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप जपून वापरणाऱ्या विद्यार्थ्याला, किंवा देणगीत आलेल्या संगणकांवर प्रयोगशाळा चालवणाऱ्या शिक्षकाला, काहीही न तपासता खर्चात पाडणं गैर आहे.

आधी साधा हिशेब मांडू. दोन तासांचा चित्रपट सात जीबीचा असेल, तर तो दाखवायला सेकंदाला सुमारे एक एमबी वाचावा लागतो. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर एमबीच्या वर देते. म्हणजे चित्रपटाला डिस्कच्या कुवतीचा जेमतेम शंभरावा हिस्सा लागतो. सेकंदाला एक एमबी तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या डिस्कही आरामात देत होत्या. ‘डिस्क पुरत नाही’ हा युक्तिवाद इथंच कोसळतो.

मग अडतं कुठं? अडतं वेळेवर. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. म्हणजे दर ४२ मिलिसेकंदांना पुढची चौकट तयार हवी. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवा तो तुकडा वाचक-डोक्याखाली यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो. डोकं एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेला एक तुकडा गाठायचा तर सुमारे साडेबारा मिलिसेकंदांची ही मजुरी ठरलेली आहे. आता चित्रपटाची मागणी रांगेत आली आणि तिच्या पुढे कॉपीचे असे शंभर विखुरलेले तुकडे उभे असले, तर तिचा नंबर सव्वा सेकंदाने लागेल. तेवढ्यात ३० चौकटी हुकल्या. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल पुढचं थोडं आधीच वाचून ठेवतो हे खरं, पण ते मूळच्या सेटिंगप्रमाणे १२८ केबी, म्हणजे या चित्रपटाच्या हिशेबाने सेकंदाचा आठवा भाग. प्लेअरही स्वतःजवळ काही साठा ठेवतो. तोही बहुधा एखाद-दुसऱ्या सेकंदाचाच.

रेशनच्या रांगेत एक माणूस शंभर कार्डं घेऊन उभा राहिला आणि त्याच्या मागे एकच कार्ड घेतलेली म्हातारी आली, तर दुकानात धान्य भरपूर असूनही म्हातारी दुपारपर्यंत उभीच राहते. तिथे गोदाम मोठं करून उपयोग नाही. रांग कशी लावली आहे ते पाहावं लागतं.

या रांगेत एक जन्मजात अन्यायही आहे. लिहिणारा प्रोग्रॅम थांबत नाही: तो आपला डेटा कर्नलच्या हवाली करतो, कर्नल तो मेमरीत ठेवून घेतो आणि प्रोग्रॅम पुढच्या कामाला लागतो. त्यामुळे लेखनाच्या मागण्या झुंडीने जमतात. वाचणाऱ्याला ही सोय नाही. हवा तो तुकडा हातात पडेपर्यंत त्याला तिथेच उभं राहावं लागतं. एक मिळाला की मगच तो दुसरा मागतो. म्हणजे रांगेत लेखनाची कायम गर्दी आणि वाचनाचा एकच माणूस, तोही दर वेळी मागून येणारा. नियम ‘जो आधी आला तो आधी’ असा ठेवला, तर वाचणाऱ्याची उपासमार ठरलेली.

हे नुसतं तर्काने सांगायची गरज नाही, मोजलेले आकडे आहेत. तेव्हा कर्नलवर काम करणारे रॉबर्ट लव्ह यांनी ‘लिनक्स जर्नल’ मासिकातल्या २००४ सालच्या लेखात एक चाचणी दिली आहे. डिस्कवर अखंड लेखन चालू ठेवायचं आणि त्याच वेळी २०० एमबीची एक फाइल वाचायची. २.४ मालिकेच्या कर्नलला त्यासाठी ४५ सेकंद लागले. डेडलाइन नावाच्या शेड्युलरला, म्हणजे डिस्कसमोरची रांग लावणाऱ्या यंत्रणेला, ४०. अँटिसिपेटरी नावाच्या शेड्युलरने तेच काम पाच सेकंदांच्या आत केलं. या शेड्युलरची युक्ती एवढीच, की एक तुकडा वाचून दिल्यावर तो लगेच दुसऱ्या कामाला पळत नसे; वाचणारा पुढचा तुकडा मागेल म्हणून काही मिलिसेकंद तिथेच थांबत असे. चाचणीत ना डिस्क बदलली, ना रॅम, ना प्रोसेसर. बदलला तो रांग लावणारा. ‘नवीन डिस्क घ्या’ म्हणणाऱ्यांनी या आकड्यांना उत्तर द्यावं.

प्रोसेसरवर ठेवला जाणारा ठपका तर एका गैरसमजावर उभा आहे. कॉपी चालू असताना टॉप हा प्रोग्रॅम उघडला की लोड ॲव्हरेज सात-आठवर गेलेलं दिसतं आणि बघणारा म्हणतो, बिचारा प्रोसेसर धापा टाकतोय. लिनक्समध्ये हा आकडा नुसता प्रोसेसरचा नाही. १९९३ सालापासून त्यात डिस्कची वाट बघत अडकून पडलेली कामंही धरली जातात. टॉपच्या यादीत त्यांच्यापुढे डी हे अक्षर दिसतं. तिथेच वरच्या ओळीत डब्ल्यूए म्हणून एक टक्केवारी असते. ती प्रोसेसरच्या रिकाम्या वेळाचीच असते: करायला काम नाही, कारण काम डिस्कपाशी खोळंबलंय. हा आकडा ८० असेल, तर दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवून फक्त रिकामं बसण्याचा वेग वाढेल.

आता रॅम. हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, काही वेळा तो दुखणं वाढवतो. वर म्हटलं तसं कर्नल लेखन आधी मेमरीत साठवतो. डिस्कवर अजून न पोचलेल्या या साठ्याला डर्टी म्हणतात. साठा किती वाढू द्यायचा याच्या दोन मर्यादा असतात, आणि त्या मूळ सेटिंगमध्ये टक्क्यांत आहेत: वापरता येण्याजोग्या मेमरीच्या १० टक्क्यांना पार्श्वभूमीवर लिहायला सुरुवात होते आणि २० टक्क्यांना लिहिणाऱ्यांना जबरदस्तीने थांबवलं जातं. चार जीबीच्या संगणकावर २० टक्के म्हणजे पाऊण जीबीच्या आत. सोळा जीबीच्या संगणकावर सुमारे तीन जीबी. सेकंदाला दहा एमबी लिहिणाऱ्या पेनड्राइव्हसाठी तीन जीबी म्हणजे ३०० सेकंद, पाच मिनिटांची थकबाकी.

हे कुणालाही घरच्या घरी पाहता येतं. चार जीबीची फाइल स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर टाकायची आणि दुसऱ्या खिडकीत प्रॉक फोल्डरातली मेमइन्फो नावाची फाइल दर सेकंदाला ताजी होत राहील अशी उघडी ठेवायची. डर्टी या ओळीचा आकडा केबीमध्ये असतो. काही सेकंदांत तो हजारांतून लाखांत जातो. सोळा जीबीच्या संगणकावर वीस-तीस लाखांपर्यंत चढू शकतो. कॉपीची हिरवी पट्टी तोवर निम्म्यापुढे धावलेली असते आणि मग एकदम थांबते. खरं तर पेनड्राइव्हवर तेव्हा जेमतेम सुरुवात झालेली असते. पट्टी पूर्ण भरल्यावर पेनड्राइव्ह काढायला जावं तर ‘थांबा, अजून लिहिणं चालू आहे’ असा निरोप येतो आणि त्याचा दिवा मिनिटंच्या मिनिटं लुकलुकत राहतो. हाच साठा तुंबलेला असताना ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघत असावं, तर तोही अडखळू शकतो. कारण ब्राउझर आपली कॅशे आणि नोंदवही डिस्कवर सतत लिहीत असतो. कर्नल प्रत्येक डिस्कचा वाटा तिच्या वेगाप्रमाणे ठरवायचा प्रयत्न करतो, पण एकूण मर्यादा संगणकभर एकच असते. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

२०१३ साली कर्नलच्या विकासकांत या पेनड्राइव्हच्या दुखण्यावर मोठी चर्चा झाली. टक्क्यांची ही कल्पना संगणकात ८ ते ६४ एमबी मेमरी असायची त्या काळातली आहे आणि आजच्या मेमरीला ती लागू पडत नाही, हे खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तेव्हा मान्य केलं. टक्क्यांऐवजी थेट बाइट्समध्ये मर्यादा घालायची सोय तर २००९च्या मार्चमध्ये आलेल्या २.६.२९ या कर्नलपासूनच आहे. डर्टी बाइट्स आणि डर्टी बॅकग्राउंड बाइट्स ही ती दोन सेटिंग्ज. पहिलं २०० एमबी आणि दुसरं ५० एमबीच्या आसपास ठेवलं, तर पेनड्राइव्हची थकबाकी पाच मिनिटांवरून वीस सेकंदांवर येते. हा इलाज फुकट आहे. त्याऐवजी रॅमची आणखी एक पट्टी विकत घेणाऱ्याच्या संगणकात, टक्क्यांच्या नियमाने, थकबाकी आणखी वाढते.

‘लिनक्स यासाठी नाहीच’ म्हणणारे इथे पुढे येतील आणि म्हणतील, बघा, कर्नलवाल्यांनीच कबूल केलं. त्यांच्या हाती पुरावाही आहे. मोठं लेखन-वाचन चालू असताना संगणक वापरणंच अशक्य होतं, अशी १२३०९ क्रमांकाची तक्रार कर्नलच्या दोषनोंदवहीत २००८च्या अखेरीस आली आणि वर्षानुवर्षं लोक तिच्यात भर घालत राहिले. त्याच वर्षी फायरफॉक्स ३ आला. तो आपली इतिहासाची नोंद एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवताना वारंवार ‘हे आत्ताच्या आत्ता डिस्कवर लिही’ असा हुकूम सोडायचा. तेव्हाची प्रचलित फाइल सिस्टिम ईएक्सटी३ मूळ सेटिंगवर असा हुकूम पाळताना त्या एका फाइलीपुरतं लिहून थांबत नसे; बाकीच्या प्रोग्रॅमचा साठलेला डेटाही सोबत उतरवत असे. मागे कॉपी चालू असली की एक पान उघडायला काही सेकंद लागत. म्हणजे दोष खरा होता, आणि तो लिनक्सचाच होता. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्यावरून निघणारा निष्कर्ष चूक आहे, कारण नंतरचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. फायरफॉक्सने आपले हुकूम कमी केले. ईएक्सटी४ आली आणि तिच्या विलंबित जागावाटपामुळे एका फाइलीच्या हुकुमाने सगळ्यांचा डेटा ओढला जाणं बरंचसं थांबलं. आधी कुठलीही फाइल नुसती वाचली तरी ‘केव्हा वाचली’ याची नोंद डिस्कवर लिहिली जायची, म्हणजे चित्रपट बघणंसुद्धा लेखनाचं कारण ठरायचं; २००९च्या २.६.३० पासून रेलटाइम हा पर्याय मूळ सेटिंग झाला आणि या नोंदी खूपच घटल्या. २०१२च्या सुरुवातीला ३.२ मध्ये लिहिणाऱ्यांना थांबवण्याची पद्धत फंगग्वांग वू यांनी बदलली. २०१७च्या फेब्रुवारीत ४.१० मध्ये येन्स ॲक्सबो यांनी पार्श्वभूमीवरच्या लेखनाला लगाम घालणारी यंत्रणा आणली. त्याच वर्षीच्या जुलैत ४.१२ बरोबर बीएफक्यू हा शेड्युलर आला. इटलीतल्या मोदेना आणि रेज्जो एमिलिया विद्यापीठातल्या पाओलो वालेंते यांनी तो बरीच वर्षं कर्नलच्या बाहेर राहून घडवला होता, आणि डिस्कवर जड काम चालू असताना व्हिडिओ अडखळू नये, प्रोग्रॅम चटकन उघडावा, हे त्याचं सांगून ठेवलेलं उद्दिष्ट आहे. जी व्यवस्था ‘पिक्चर बघायला नाही’, तिच्यात एका माणसाने नेमक्या याच कामावर इतकी वर्षं घालवली आणि बाकीच्यांनी ते काम स्वीकारलं, याचा अर्थ काय लावायचा?

खरी तक्रार करायची तर वेगळी आहे आणि ती ठामपणे करायला हवी. बीएफक्यू कर्नलमध्ये आहे, पण साध्या हार्ड डिस्कसाठी कर्नल आपणहून निवडतो तो एमक्यू-डेडलाइन. त्याच्या नियमात वाचनाची मुदत अर्ध्या सेकंदाची आणि लेखनाची पाच सेकंदांची आहे. अर्धा सेकंद म्हणजे चित्रपटाच्या १२ चौकटी. म्हणजे मूळ सेटिंग जे वचन देते, तेच व्हिडिओला पुरेसं नाही. २०१९च्या मार्चमध्ये ५.० या कर्नलने जुनी व्यवस्था काढून टाकली, तेव्हा २००६पासून मूळ सेटिंग असलेला सीएफक्यू हा शेड्युलरही तिच्याबरोबर गेला. तो निदान प्रत्येक प्रोग्रॅमला डिस्कचा आळीपाळीने वाटा देत होता. लिनक्सची वितरणं (डिस्ट्रो) तयार करणाऱ्या काहींनी नंतर स्वतःहून बीएफक्यू निवडला, पण सगळ्यांनी नाही. फिरती डिस्क दिसली तर बीएफक्यू लावावा, हा नियम एका ओळीचा आहे. तो वापरणाऱ्याने स्वतः शोधून काढायचा, हे अन्यायाचं आहे.

ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला दोष देणाऱ्यांसाठी दोन मिनिटांची चाचणी आहे. चित्रपटाची एखादी छोटी फाइल डेव्ह फोल्डरातल्या एसएचएम या जागेत कॉपी करायची. ही जागा डिस्कवर नसते, मेमरीत असते. मग मुद्दाम मोठी कॉपी चालू करायची आणि चित्रपट तिथून चालवायचा. चित्र सुरळीत चाललं, तर ड्रायव्हर निर्दोष आहे आणि दोष डिस्कच्या वाटेवर आहे. तरीही अडखळलं, तर खुशाल ड्रायव्हर, प्रोसेसर आणि व्हिडिओच्या डीकोडिंगकडे वळावं. एमपीव्ही प्लेअरमध्ये चित्र चालू असताना इंग्रजी आय हे अक्षर दाबलं, की सुटलेल्या चौकटींचा आकडाही पडद्यावर येतो. इतकी सोपी कसोटी हाताशी असताना सरसकट ड्रायव्हर उपटून पुन्हा घालायला लावणं म्हणजे साप समजून भुई थोपटणं.

डिस्कच्या वाटेवर खरोखरीचे बिघाडही असतात, आणि या लेखाचा रोख त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याचा मुळीच नाही. जुन्या आयडीई डिस्कच्या काळात सर्वांत मोठं कारण डीएमए बंद असणं हे होतं. ते बंद पडलं की डिस्कमधला प्रत्येक कण प्रोसेसरला हाताने वाहून न्यावा लागे. त्या पीआयओ पद्धतीची कमाल मजल सेकंदाला साडेसोळा एमबीच्या आसपास, आणि तेवढ्यातच प्रोसेसर गुंतून पडे. तेव्हा मात्र प्रोसेसर खरंच दमलेला असायचा. एचडीपार्मच्या एका आदेशाने डीएमए चालू केलं की तोच चित्रपट गुळगुळीत चाले. कधी कारण त्याहून साधं असे: ८० तारांच्या पट्टीऐवजी कुणीतरी जुनी ४० तारांची लावलेली, त्यामुळे ३३ एमबीच्या वरचा वेगच मिळत नसे. आज आयडीई गेलं, तरी केबल आहेच. सैल साटा केबलने चुका होऊ लागल्या, तर कर्नल स्वतःहून वेग उतरवतो आणि तसं डीमेसेजच्या नोंदीत लिहून ठेवतो. स्मार्टसीटीएलने काढलेल्या अहवालात १९९ क्रमांकाची ओळ केबलवरच्या चुका मोजते आणि १९७ क्रमांकाची ओळ वाचता न येणाऱ्या, खराब झाल्याचा संशय असलेल्या जागा मोजते. १९९चा आकडा वाढत असेल तर आधी केबल बदलावी. १९७चा वाढत असेल तर मात्र चित्रपट बाजूला ठेवून त्याच दिवशी सगळ्या फाइलींची दुसरी प्रत काढावी. तिथे नवी डिस्क हाच सल्ला बरोबर आहे.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशी दुहेरी व्यवस्था ठेवणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट राहून जाते. चित्रपट विंडोजच्या एनटीएफएस भागावर असतो. लिनक्सवर तो भाग बराच काळ बहुधा एनटीएफएस-३जी या कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रॅमने वाचला जाई, आणि कॉपी जोरात असली की तोच प्रोग्रॅम प्रोसेसर खाताना दिसे. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ५.१५ पासून कर्नलच्या आतला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर उपलब्ध आहे.

आता एसएसडीचं अर्धसत्य. एसएसडीत डोकं सरकत नाही, तबकडी फिरत नाही. साडेबारा मिलिसेकंदांची मजुरी तिथे मिलिसेकंदाच्याही अंशावर येते. त्यामुळे बहुतेकांचा त्रास एसएसडीने थांबतो, हे मान्य करायलाच हवं. पण तो थांबतो याचा अर्थ कारण सापडलं असा नाही. रांग तशीच आहे, फक्त वेगाने सरकते. स्वस्त क्यूएलसी जातीच्या एसएसडीत वेगवान लेखनासाठी राखलेली जागा भरून गेली, की पुढचं लेखन हार्ड डिस्कच्या पातळीवर उतरू शकतं. मग पन्नास-साठ जीबीची कॉपी सुरू असताना तोच अनुभव नव्या डिस्कवर येतो. आणि चित्रपट कुठे ठेवलेले असतात? दोन-चार टीबीच्या फिरत्या डिस्कवरच. ती फेकून तेवढीच एसएसडी घेणं सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही.

एवढं सगळं बाजूला सारून काही जण एखादी जादूची ओळ हातात ठेवतात. त्यांचाही समाचार घेणं भाग आहे. स्वॅपिनेस ६० वरून १० करा, ही त्यातली सर्वांत लाडकी. स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वापरलाच जात नसेल तर त्या आकड्याने व्हिडिओवर काहीही परिणाम होत नाही. दुसरी ओळ, आयोनाइस लावून कॉपीला सर्वांत खालचा दर्जा द्या. हा उपाय खरा आहे, पण पूर्ण नाही. साधं लेखन मेमरीतून डिस्कवर नेण्याचं काम कॉपीचा प्रोग्रॅम करत नाही, कर्नलचा स्वतःचा धागा करतो. त्यामुळे कॉपीला दिलेला दर्जा त्या लेखनाला लागतच नाही, हे कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. शिवाय दर्जा मानायचा की नाही हे शेड्युलर ठरवतो. एमक्यू-डेडलाइन तर तो ५.१४ च्या आधी मानतच नसे. बॅलू किंवा ट्रॅकरसारखे फाइलींची सूची बनवणारे प्रोग्रॅम मुख्यतः वाचतात, त्यांच्यावर मात्र बीएफक्यूच्या जोडीने आयोनाइस चांगला लागू पडतो.

उपायांचा क्रम त्यामुळे सोपा आहे. आधी आयोटॉप उघडून डिस्क कोण खातंय ते पाहावं. पुष्कळदा कॉपी नव्हे, तर सूची बनवणारा किंवा पॅकेज अद्ययावत करणारा प्रोग्रॅमच सापडतो. मग आयोस्टॅटच्या सविस्तर तक्त्यात वाचनाला सरासरी किती मिलिसेकंद वाट बघावी लागते तो रकाना पाहावा. २०१८च्या अखेरीस आलेल्या ४.२० पासून प्रॉक फोल्डरातच प्रेशर नावाच्या जागेत, डिस्कपायी कामं किती टक्के वेळ खोळंबली, याचा थेट आकडा मिळतो. त्यानंतर डीमेसेज आणि स्मार्टसीटीएल. हार्डवेअर निरोगी असेल तर हार्ड डिस्कला बीएफक्यू लावावा, डर्टीची मर्यादा बाइट्समध्ये घालावी आणि प्लेअरला जास्त साठा करायला सांगावं. एमपीव्ही स्थानिक फाइलीसाठी मोठी कॅशे आपणहून वापरत नाही. ती चालू केली तर मूळ मर्यादेप्रमाणे १५० एमबीपर्यंत पुढचं वाचून ठेवतो, म्हणजे वरच्या हिशेबातल्या चित्रपटाची जवळपास अडीच मिनिटं. एवढा साठा हाताशी असला की रांगेत पाच सेकंदांचा खोळंबा झाला तरी प्रेक्षकाला कळतही नाही. शेड्युलर आणि डर्टी मर्यादा मात्र संगणक बंद-चालू केल्यावर मूळ जागी जातात, म्हणून त्या यूडेव्ह आणि सिसकंट्रोलच्या फाइलींत लिहून ठेवाव्या लागतात. अतिवेगवान एनव्हीएमई डिस्कवर बीएफक्यू लावू नये. तिथे प्रत्येक मागणीमागे होणारा त्याचा हिशेबच महाग पडतो.

हा वाद हौसेचा नाही. मुंबईच्या आयआयटीतून चालणारा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर छोट्या व्हिडिओंमधून शिकवतो, मराठी आवाजातही शिकवतो, आणि इंटरनेट नसलेल्या ठिकाणी हे व्हिडिओ डिस्कवर उतरवून दाखवता येतात. अशा प्रयोगशाळेत एका खिडकीत पाठ आणि दुसऱ्या खिडकीत पेनड्राइव्हवर त्याची कॉपी हे नेहमीचं दृश्य. तिथे पाठातला आवाज तुटला, चित्र थिजलं, की मुलांच्या मनात पहिल्याच दिवशी बसतं ते ‘लिनक्स अडकतं’ हे वाक्य. दोन सेटिंग्जनी टळणारं हे नुकसान आहे.

म्हणून वितरणं तयार करणाऱ्यांनी फिरत्या डिस्कला बीएफक्यू आणि डर्टीला बाइट्समधली मर्यादा या दोन गोष्टी मूळ सेटिंगमध्ये द्याव्यात. आणि पुढच्या वेळी कुणी अडखळणाऱ्या व्हिडिओची तक्रार घेऊन आलं, तर जाणकारांनी दुकानाचा पत्ता सांगण्याआधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: शेड्युलर कोणता आहे, डर्टीचा आकडा किती चढतो, आणि मेमरीतून चालवल्यावर तोच व्हिडिओ अडतो का?